चौथ्या दिवसाची उचकी

पहिल्या दिवशी आईने नावं घेतली.
चिपळूणची मावशी, कोल्हापूरचे व्याही,
परळ एक्स्चेंजमधला शिंत्रे,
ज्याला बाबा अजून तीनशे रुपये देणं लागतात.
एकाही नावावर थांबली नाही.

मग साखर. मग पेल्याच्या पलीकडच्या कडेने पाणी.
आंगणेबाईंनी मोरपिसाची राख मधातून पाठवली.
मी मागून येऊन ओरडले;
बाबा दचकले, हसले,
आणि हसता हसता उचकले.

तिसऱ्या रात्री प्रतीक्षानगरच्या आमच्या खोलीत
दर बारा सेकंदांनी पलंग वाजत होता.
मोजत कोण झोपणार.

चौथ्या दिवशी केईएम.
डॉक्टरीण माझ्याहून लहान. आधी कानात बॅटरी मारली:
एखादा केस पडद्याला टेकला तरी लागते, म्हणाली.
केस नव्हता.
मान चाचपली, पोट दाबलं, जळजळ विचारली,
बोटामागे डोळे फिरवायला लावले,
कधीकधी मेंदूच्या देठाशी काही झालेलं असतं म्हणून,
आणि ईसीजी काढला, कारण हृदयही म्हणे
न दुखता असंच बोलतं कधी.

"मानेतून एक नस निघते, काका,
हृदयाला घासून खाली श्वासपटलापर्यंत जाते.
वाटेत कुठेही काही टोचलं, तरी..."

बाबा ताठ बसले.
पस्तीस वर्षं वरळीच्या खड्ड्यांत उतरून
टेलिफोनच्या केबलींना जोड मारलेला माणूस.
"म्हणजे फॉल्ट लाइनवर. नाहीतर
एक्स्चेंजमध्येच. नाहीतर ओल
शिरली असेल."

ती त्यांच्या घोट्याकडे बघत होती,
मोज्याचा वळ खोल रुतला होता तिथे.
"ओल तर दिसतेच आहे," म्हणाली,
आणि रक्त लिहून दिलं.

क्रिएटिनिन नऊ पूर्णांक चार.
आई कागद उलटासुलटा करत राहिली.
हे नाव तिने घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या डायलिसिसनंतर पहाटे
मी बारा मोजले. पंचवीस मोजले.
चाळीसला घाबरून उठले
आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला.
झोपले होते.

आता डाव्या मनगटापाशी
धमनी आणि शीर जोडून दिली आहे.
दाढी करायच्या आधी बाबा रोज
मनगट कानाशी धरतात, डोळे मिटून.
आत काहीतरी घुमत असतं सारखं.
काल मलाही ऐकवलं.
"जोड चांगला मारलाय पोराने," म्हणाले,
"डायल टोन येतोय."