मधली सळी

गाव त्याला आधीच करवंटी म्हणतं,
पालथी घातलेली.
अजून भिंत नाही, घुमट नाही,
तांबळडेगच्या सुरूंमागे एक गोल चर
आणि त्यात वाकवलेलं लोखंड.

इनास मेस्त्रीने जन्मभर गुण्या लावून घरं बांधली.
आज गुण्या पिशवीतच राहिला.
मधोमध एक सळी ठोकली त्याने,
सळीला सुतळी, बारा फूट,
आणि सुतळीच्या टोकाला तो स्वतः
घाण्याच्या बैलासारखा फिरला,
जरासा लाजत.

सातला मिक्सर फुरफुरला. चौतीस गोणी.
वाळू खाडीची नको, मी बजावलं होतं;
खारी वाळू सळ्या आतून खाते,
जुन्या पडवीचा स्लॅब तिनेच खाल्ला.
पाणीसुद्धा मी जिभेला लावून मगच दिलं.

"थांबाचा नाय," इनास ओरडत राहिला,
"थांबलास तर जोड दिसतलो."
कोणी थांबलं नाही.
फक्त आवडाबाय, डोक्यावर घमेलं तसंच,
उभी राहिली माझ्यासमोर:
"बाय, घराक कोपरोच नाय,
मगे केरसुणी खंय ठेवतलंस?"
सगळे हसले. मीही.
मग तिनेच, हळू,
"आणि रडाचा झाला तर?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात
सालूच्या हातून पाणी जास्त पडलं.
तेवढा तुकडा अजून ओळखू येतो,
दाराच्या डाव्या अंगाला, किंचित फिका.

दुपारी पट्टी फिरवली.
एक टोक सळीला अडकवलेलं, दुसरं माझ्या हातात.
पट्टीपुढे खडी कुरकुरत सरकत होती
आणि मी काठाकाठाने चालत
माझ्याच चपलांपाशी येऊन पोचले.

चारला इनास फळीवर गुडघे टेकून
शेवटचा रंधा मारत होता.
सळी उपटून भोक बुजवायचं, असं ठरलेलं.
त्याने हात घातला, आणि काढून घेतला.
"ऱ्हांदे. घुमट वर मिटासर
दोरी हयसूनच लागतली."

आता एकवीस दिवस पाणी.
कडेने मातीचा बांध, आत बोटभर तळं,
त्यात सुरूच्या काड्या, एक बुडालेला मुंगळा,
आणि मध्ये वीतभर वर आलेली ती सळी.

काल बॅटरी न घेताच गेले बांध बघायला,
पाण्यातून आडवी चालले,
आणि ठेच लागली.
अंगठा धरून तिथेच बसले,
परकर भिजला तरी बसून राहिले बराच वेळ,
बरोबर मध्यावर.