तहत

शब्बाथ सरायला आला की जेरबाच्या छोट्या हारात
निळ्या दाराच्या खोलीत आम्ही सात-आठ जण बसतो.
भाजलेल्या बियांची टरफलं बाकाखाली साचतात.
आज रब्बी बुगीद एका ओळीवर बोट ठेवून थांबले.

ओळ तशी असून नसल्यासारखी:
म्हातारी दाई वारली,
देवाच्या घराखाली, ओकच्या झाडाखाली पुरली,
झाडाला रडण्याचं नाव पडलं.
मागे वेदी बांधून झालेली,
पुढे देव स्वतः बोलायला येणार,
आणि मधेच ही,
ना कुणाच्या अध्यात ना मध्यात.
आधीच्या पानांत तिला नावही नव्हतं.
मेली तेव्हा मिळालं. अर्थ मधमाशी.

हाय म्हणाला, ही आईच्या मरणाची आडून दिलेली बातमी.
शमूनी म्हणाला, वाटसरूंसाठी खूण.
रब्बींनी दोन्हीला मान हलवली.
"पण 'तहत' दोनदा का?
एकदा 'खाली' म्हटलं की भागलं असतं.
इथे शाई वाया जात नाही."

मी चांदीची तार ओढणारा, व्याकरणात कच्चा.
तो शब्द मात्र मी अक्षरं शिकण्याआधी ऐकलाय,
भिंतीपलीकडच्या मबरूकाच्या अरबीत:
ये, जैतुनाच्या तहत ये, ऊन लागेल.
माझ्या जन्मानंतर आई चाळीस दिवस तापात होती.
मबरूकाच्या एका मांडीवर तिचा सालेम, दुसरीवर मी.

गेल्या हिवाळ्यात तिला नेलं
तेव्हा मी त्यांच्या कब्रस्तानाबाहेर उभा होतो,
टोपी खिशात, हात टोपीवर.
एकाने विचारलं, तुझी कोण?
मी म्हणालो, शेजारीण.

रब्बी पान न उलटता बोलत होते.
"आपल्या भाषेत 'तहत' म्हणजे 'च्या जागी' सुद्धा.
भरपाईचा कायदा बघा: बैलाच्या तहत बैल.
तर मग आईच्या..."
पुढे ते बोललेच नाहीत.
शमूनीने टरफलं गोळा करायला घेतली.
मी विचारलं, त्या झाडाखाली रडलं कोण?
"ते लिहिलेलं नाही," रब्बी म्हणाले,
आणि पहिल्यांदाच मला वाटलं,
जागा मोकळी सोडली असेल.

तीन तारे दिसल्यावर वाट वाकडी केली.
जैतुनाखाली सालेम बसला होता, चपला बाजूला काढून.
काही न विचारता
तो थोडा सरकला.