मांडवीवर, साडेसहाला

वसतिगृहापासून मांडवीला
एक एसटी आणि थोडी पायपीट.
माझी मराठी अजून आकड्यांपुरतीच:
वीस, तीस, सुट्टे नाहीत.

पहिल्या गाडीवर उकडलेल्या शेंगा,
दुसरीवर कांदाभजी, तेल जुनं.
तिसरीवर गर्दी,
म्हणून तिथेच थांबले.

शेट्येमावशी कैरी किसत नाहीत.
तळहातावर धरून चोचवतात सुरीनं,
बोटं कशी वाचतात देव जाणे,
आणि भेळेवर टाकता टाकता विचारतात,
"तिखट चालेल?"
मी मान हलवते.
कशीही हलवली तरी इथे तिचा हो होतो.

पहिल्याच घासाला पेंबा दाताखाली आलं.
आमच्या धक्क्यावरही हीच कैरी, भजीही हीच,
फक्त आंबट पिवळ्या रश्शात बुडालेली,
आणि वाडगा धुऊन परत द्यायचा असतो.

हे मावशींना सांगायचं होतं.
शब्द नव्हते, म्हणून पाण्याकडे बोट केलं:
तिकडे. सरळ. खूप सरळ.

त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं.
"मिरकरवाडा होय? तो उजव्या अंगाला, बाय.
चालत जा, रिक्षावाला लुटेल."

मी पुन्हा कागद पुढे केला.
"कैरी," म्हटलं. "जास्त."