निथळ

वाळूजचा ट्रक चंदनझिऱ्याकडं वळला
की आधी वास येतो,
मग लेथवरचा कुरळा भुसा,
न विंचरलेल्या केसांसारखा, तेलानं चिंब.

मुक्ताराम म्हणतो, लगेच काट्यावर घ्या.
बरोबर आहे त्याचं.
तेलालाही वजन असतं
आणि काट्याला वास येत नाही.

प्रयागबाई ऐकत नाही.
उतरत्या ओट्यावर माल पसरते.
ओट्याला बोटभर पन्हळ,
पन्हळीच्या तोंडाशी ड्रम,
वर पत्रा, पावसाचा थेंब आत नको म्हणून.
"राहू द्या रातभर. लोखंड कुठं पळून चाललंय?"

रात्री टप्. टप्.
मी काट्याच्या खोलीतच झोपतो.
एकदा दोनशे अकरापर्यंत मोजलं,
मग डोळा लागला.

सकाळी गाडीमागं साठ किलो कमी.
पावतीवर मी लिहितो: घट.
अन् मालकाचा फोन येतो.

कशापायी हे, मी कधी विचारलं नाही.
परवा हात पुसता पुसता तीच म्हणाली,
"बोअरला पाणी लागलं तव्हा पोरं नाचली.
बादलीत मोरपिसाचे रंग.
धाकटी म्हन्ली, आई, किती छान.
ओंजळ भरली होती तिनं."
पुढं काही नाही.
ती ड्रमचं झाकण घट्ट करायला उठली.

आज परवानेवाला आला तेल न्यायला.
त्याची गाडी काट्यावर घेतली,
मालाच्या रकान्यापाशी पेन जरा थांबला.
लिहिलं:
घट, एकशे ऐंशी किलो.
पोहोच मिळाली.