मुदत संपलेली पाकिटं

एजंट म्हणाला, मार्चात मुदत संपली, परत घेत नाही.
तर बरण्यांच्या मागे राहिली सव्वीस पाकिटं:
संत्रं, निंबू, कालाखट्टा,
आणि एक मिक्स फ्रूट, जे कुठल्याच फळासारखं लागत नाही.
साखर आपली आपण घालायची.
आत नुसता रंग आणि आंबटपणा.

लोकर प्रज्योतनं आणलेली,
बोटीवरून, कुठल्याशा थंड बंदरातली.
पांढरीसुद्धा नाही, पेजेच्या निवळीसारखी.
पिशवी सोडली तर मेंढीचा वास.
डिचोलीत मेंढी कोणी पाहिलीय?
मांजर दोन दिवस पिशवीवर गुरगुरत होतं.

तो बोटीच्या शीतकोठारात असतो.
वर डेकवर गोरे लोक तेल चोपडून उन्हात,
खाली हा, शून्याच्या खाली अठरा,
कोंबड्यांची खोकी मोजत.
कंपनी जाकीट देते गे, म्हणाला,
फक्त मानेशी जरा गार लागतं.
त्या फोनमधलं मला एवढंच आठवतं, मानेशी.

विणणं सहावीत शिकले,
छत्रीच्या काड्या दगडावर घासून.
एक मोजा झाला. दुसऱ्याच्या आधी शाळा सुटली.

पहिली लड फुकट गेली.
घाईत साखरवालं पाकीट ओतलं,
आणि संध्याकाळी दोरीवरून मुंग्यांची रांग
थेट तुळशीपासून.
धुतली, पिळली, धुतली,
तरी चिकटच. ती मांजराला दिली.

दुसऱ्या वेळी एर्मेलिंदा कुंपणावरून वाकली,
कितें रांदता गो तूं, लोंकर?
हसली, आत गेली,
माडाच्या सुरेचा शिरका घेऊन आली, अर्धी बाटली,
मासळीसाठी ठेवलेला.
आंबट कमी पडलं तर रंग धरत नाही, म्हणाली.
तिला कसं ठाऊक, विचारायचं राहिलं.

कोमट पाण्यात लोकर आधी बुडवून ठेवायची.
मग मोठं पातेलं, मंद जाळ, उकळी नाही.
ढवळायचं नाही, हेच कठीण.
तीस वर्षं चूल सांभाळलेल्या बाईला
हात बांधून उभं राहायला सांगा.
ढवळलं तर लोकरीचं कांबळं होतं.
मी पळी माडीवर ठेवून आले.

आणि मग, कोणी काही न करता,
पाणी निवळायला लागलं.
कडेनं आधी. मग मध्ये.
इतका वेळ संत्र्याचा गढूळ लाल,
आणि आता पातेल्याचा तळ दिसतोय,
जुनी खोक, कल्हईचा डाग, सगळं.
रंग कुठे गेला ते दिसत होतं,
तरी मी पाण्यात बोट घालून पाहिलं.
नितळ. ऊन. जरासं आंबट.

कालाखट्टा मात्र फसवा निघाला.
लाल वरच थांबला, निळा आत शिरला,
लड अशी झाली, जणू कोणी मारलंय.
टाकून देणार होते. नाही टाकली.
तिची मधली पट्टी केली.

पदरावर उडालेलं एका धुण्यात गेलं, सुती ना.
बोटांचं जाईना. साबण, निंबू, राख.
एर्मेलिंदाला हात दाखवला तर म्हणे,
लोंकर जनावराची गो, आनी हात?
तीन दिवस गिऱ्हाईक सुटे पैसे घेताना
आधी माझ्या बोटांकडे बघायचं.

मफलर पोचला दीड महिन्यानं.
फोन तुटत होता.
शेजारच्या बंकवरचा फिलिपिनो म्हणे हुंगतो,
विचारतो, कुठलं फळ हे?
मग, मी म्हटलं, काय सांगितलंस?
हॅलो, म्हणाला, हॅलो, ऐकू येतंय?
मानेशी कसं आहे, मी विचारलं, दोनदा.
लाइन गेली.

दुकानात पोर उभं होतं,
एक संत्र्याचं पाकीट दे.
नाही रे, संपली, म्हटलं.
मागे सात होती.