डावं मधलं चाक

आज नवे फोटो आले.
डाव्या मधल्या चाकाचा पत्रा
आणखी बोटभर फाटलाय.

पाऊण मिलिमीटर ॲल्युमिनियम.
वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं लेथवर उभा होतो,
पाऊण मिलिमीटर म्हणजे काय
ते माझ्या अंगठ्याला विचारा.
असल्या चाकांवर आमच्या सोळा नंबर रोडने
कुणी हातगाडीसुद्धा नेली नसती.

पण तिथवर न्यायचं तर ग्रॅमग्रॅमचं भाडं पडतं.
हेही कळतं.

कुंदा म्हणते, तोंड का असं? कोण आजारी?
मी म्हणतो, चाक.
ती आधण ठेवते.
मंगळाचा दिवस आपल्याहून चाळीस मिनिटांनी मोठा,
त्यामुळे आमचा चहा रोज थोडा पुढे सरकतो.
गेल्या आठवड्यात तो पहाटे तीनला होता,
खालचा वॉचमन वर बघून गेला.

इथून करण्यासारखं काही नाही.
वहीत भोकं मोजतो, तारीख घालतो,
कडेला पेन्सिलीने लिहितो:
दगड टाळा. वाळूवरून घ्या, सावकाश.

परवा ते वाळूवरून गेलं.
माझं ऐकून नव्हे, एवढं समजतं मला.
तरी कुंदाला उठवून सांगितलं.