खर्जाची जागा

जावयाला पंधरा इंची हवा होता.
मी म्हटलं, सेव्हेरिन, आधी खोली बघ.
साडेतीन मीटर बाय सव्वाचार, लाकडी जमीन,
खालच्या मजल्यावर पानी हिल्डेगार्डा, वय ब्याऐंशी,
आणि तिच्याखाली बितोमची
शंभर वर्षं पोखरलेली भुई.
दहा इंची घे. बंद पेटीचा.
भोकाच्या पेटीचा दणका मोठा, कबूल,
पण तो रेंगाळतो,
जेवण उरकलं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
खर्ज सुरू काय, कुणीही करतं.
थांबता आलं पाहिजे.

कोपऱ्यात ठेवू, म्हणाला.
सगळे तेच म्हणतात,
कारण कोपरा रिकामा असतो
आणि बायकोची हरकत नसते.
पण कोपऱ्यात आवाज सुजतो.
दोन भिंती मिळून त्याला लाडावून ठेवतात,
मग सिनेमातलं दार लागलं काय आणि तोफ उडाली काय,
सारखंच.

आमच्या धंद्यात एक उलटी रीत आहे:
पेटी ठेवायची सोफ्यावर, माणसाच्या जागी,
आणि माणसानं रांगायचं भिंतीकडेनं.
जिथं सूर भरून ऐकू येईल
ती पेटीची जागा.

चाळीस हर्ट्‌झचा सूर लावून मी पँट वर ओढतोय,
तोच सासरा उठला. एर्विन प्शिबिवा.
सव्वीस वर्षं खाणीत,
त्यातली शेवटची नऊ सव्वा मीटर उंचीच्या थरात.
टोपी काढून त्यानं रेडिएटरवर ठेवली.
"रांगायचंच ना?" म्हणाला. "मग हो बाजूला."

मी गिऱ्हाइकं रांगताना पुष्कळ पाहिलीत.
लाजतात, हसतात, गुडघे धरतात.
हा एकाहत्तरचा म्हातारा पाण्यात उतरावा तसा जमिनीवर उतरला.
कान लावलाच नाही त्यानं.
तळहात पुढे, मग कोपर, मग जरा थांबून
छताकडे एक नजर.
(छत पावणेतीन मीटरवर होतं.)

खिडकीखाली, लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर
तो थबकला.
"इथं काही येत नाही."
मी समजावलं: लाटा दोन्हीकडून येतात,
एकमेकींना खातात, प्रत्येक खोलीत होतं.
तो तिथंच.
"पाइपावर ठोकायचो आम्ही," जमिनीलाच सांगितल्यासारखं,
"पलीकडून चौघं ठोकायचे. दोन दिवस.
मग असं झालं."
मारिओला चहाचे कप घेऊन दारात उभी होती.
ती आत आली नाही, मागेही गेली नाही.
सूर चालूच होता. बंद करायचं
मला सुचलंच नाही.

मग तो पुढे सरकला,
कपाटापासून हातभर अलीकडे खडूनं फुली मारली.
मी मोजून पाहिलं. मलाही
तीच सापडली असती. अर्ध्या तासानं.

पेटी तिथं ठेवली. खाली रबराचे पाय,
ऐंशीच्या वरचं सगळं मोठ्या स्पीकरांना,
काचेच्या पेल्यांमध्ये नमद्याचे तुकडे.
रणगाडे गेले, एक पूल पडला,
सेव्हेरिन लहान पोरासारखा हसला.
सिनेमा थांबवून चहा ओतला.

आणि पेले वाजले.
आधी पेले, मग खिडकी, मग पोटात
ते, जे मी रोज विकतो
पण इतकं खालचं कुठल्या पेटीत नसतं.
सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं.
दिवा लाल. झोपलेली.

"हा आपला नाही," एर्विन म्हणाला.
तो कधीच खाली बसला होता, तळहात लाकडावर.
"लांबचा आहे. खोल."
कुणी कप उचलला नाही.

तेवढ्यात खालून झाडूच्या दांड्यानं
पानी हिल्डेगार्डानं ठोकलं:
आवाज कमी करा!
सेव्हेरिनला हसू फुटलं, मलाही.

एर्विननं ठोके मोजले.
चार होते.
मग टाचेनं, सावकाश,
चार परत दिले.